करंगळीचं तेल

कर्जत, मंगळवार, १३ फेब्रुवारी १९७९. दिवेलागण.

थकले आहे. उद्या डॉक्टरांकडे जायचं, आणि वही खोटी निघाली.

कापणीत विळ्याने बाबांचं मनगट कापलं. तुटलेली नस डॉक्टरांनी शिवली, पण करंगळी बधिर राहिली. तेव्हा त्यांनी ई जीवनसत्त्वाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या. "नस तिच्या गतीनेच वाढेल. गोळीची मदत होते का बघू. रोज लिहून ठेव." घरात लिहिता येणारी मी एकटीच. रोज आईला विचारायचं, "गोळी झाली?" ती म्हणायची, "झाली गं." मी वहीत खूण करायची.

आज बाबांना डोळे मिटायला सांगून करंगळीला सुई टोचली. "टोचतंय गं," म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदा. मला रडूच आलं. वहीत सुईचीही खूण केली. तेवढ्यात आई आली, गोळी टोचून फोडली आणि तेल त्यांच्या करंगळीला चोळू लागली.

"पोटात नाय दिलीस?"

"बधिर बोट हाय. तेल पोटात घालतात होय? शिकलीस कशाला गं?"

म्हणजे एकही गोळी पोटात गेली नाही. डॉक्टर माझ्या खुणा बघून पुढच्या माणसालाही गोळ्या देतील. खरं सांगितलं तर आईला बोलतील. मग करंगळी जागी झाली कशाने? वेळेने? चोळण्याने? मला ठाऊक नाही.

बाबा म्हणाले, "खरं हाय ते लिव. आईला मी सांभाळतो."

गोळ्यांच्या सगळ्या खुणा खोडल्या, शेजारी लिहिलं, 'पोटात नाही, बोटाला चोळल्या.' आजच्या सुईची तेवढी ठेवली.