माळढोकाची मादी

काष्टी, सप्टेंबर १९९३

पंकज,

जय भीम. पुढे आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

आपल्या शेतामागच्या माळावर माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर अंडं घालून बसली होती. गणपतीच्या सुट्टीत तू पुण्याहून आलास, तेव्हा सख्खा भाऊ म्हणून फक्त तुला दाखवली. लांबूनच बघ, म्हणाले होते. आणि पुढच्याच रविवारी तू तुझ्या साहेबाला बंदुकीसकट जीपमधून थेट तिच्यापाशी आणलंस!

मी शेतातून धावत आले, ओरडले, "साहेब, मारू नका, ती अंड्यावर हाय!"

तू हसलास. "ताई, एका पाखरासाठी कशाला तमाशा? साहेबांची हौस हुईल तेवढीच."

माझ्यादेखत साहेबानं तिला गोळी घातली. जीप वळवताना अंडंही चाकाखाली गेलं. तू खाली उतरूनसुद्धा पाहिलं नाहीस. इतका निर्लज्ज कधी झालास रे?

काल मी वनखात्याच्या गार्डाकडे जाऊन दोघांची नावं सांगितली. तो म्हणाला, "बाई, सख्खा भाऊ ना तुमचा?"

म्हटलं, "व्हय. म्हणून तर पत्ता बरोबर सांगती."

आई रडतेय. म्हणते, पंकजला आधी कळव, तो साहेबाला धरून काहीतरी मार्ग काढील. तिच्या समजुतीसाठी लिहायला बसले. पण माणसं एवढी जवळ आली तरी अंडं सोडून न उठलेली ती मादी डोळ्यांसमोरून हलत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. गार्ड दारात उभा राहील, तेव्हाच कळू दे तुला.

जयमाला