बेलिफाची भाषा

आल्डटेर्प, फ्रिसलंड
१४ जून १९८८

चि. हेसेल,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल आहेत. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि ते का, हे तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.

वेल्समधल्या लहान भाषांच्या महोत्सवाने आमच्या नाटकाला बोलावल्यापासून गावाचे पाय जमिनीवर नाहीत. आपले गवळी, पोस्टमन, बेकरीवाली आफ्के, उन्हाळाभर झाडाखाली उभं राहून नाटक करणारी ही माणसं. त्यांना समुद्रापार कोण विचारतो? म्हणून प्रवासापुरता तुमच्या निधीकडे अर्ज केला. डच कला परदेशी पोचवायलाच सरकारने तुम्हाला हेगमध्ये खुर्च्या दिल्यात ना! पण अर्ज आला की तुमचा माणूस न सांगता नाटक बघून जातो, हे तू सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाहीस. सांगायचं नसतं म्हणे. असो.

शनिवारी ते लोमानसाहेब आले. न सांगता आले तरी आल्डटेर्पमध्ये परका माणूस लपतो कुठे? पहिल्या रांगेत, नवा रेनकोट, गुडघ्यावर वही. आपला वोब्बे गवळी गाय घेऊन रंगमंचावर आला, त्याने साहेबांना पाहिलं, आदराने टोपीला हात लावला आणि हेसेल, तो डचमध्ये बोलायला लागला रे! आपल्या लोकांची खोड तुला काय सांगू. खोलीत एक परका आला की दहा जण आपली फ्रिसलंडची भाषा सोडून त्याच्या भाषेत शिरतात. आई तर डॉक्टर येऊन गेल्यावर मांजराशीसुद्धा तासभर डचमध्ये बोलायची. वोब्बेने डचमध्ये विचारलं म्हणून आफ्केने डचमध्ये उत्तर दिलं, आणि मग सगळी रांगच लागली. मी रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून प्रॉम्प्टिंग करतेय आपल्या भाषेत, आणि ही मंडळी उभ्या उभ्या भाषांतर करून वाक्यं सोडतायत, कराच्या नोटिशीसारखी.

नाटक काय आहे तुला माहीत आहे. विधवेची गाय जप्त करायला शहरातून बेलिफ येतो आणि सगळं गाव ती गाय लपवतं. अख्ख्या नाटकात डच बोलतो तो एकटा बेलिफ. त्या दिवशी गावच्या गाव बेलिफ झालं. गाय नक्की कोणापासून लपवतायत तेच मला कळेना.

नंतर लोमानसाहेबांनी कॉफी घेतली, केकचा एकच तुकडा खाल्ला आणि गायीची तारीफ केली. आमच्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी काय लिहिलं ते तू सांगणार नाहीस, तरी विचारते.

तब्येतीला जप. बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
सित्स्के

हेग
२ जुलै १९८८

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वळवून पाहिलं. मग घाईघाईने गंभीर झालो.

तुमचा अर्ज निघाला तेव्हा मला खोलीबाहेर जायला सांगितलं. नातेवाइकाच्या अर्जावर तोंड उघडायचं नाही, असा नियमच आहे. आमच्याकडे शेवटचा माणूस होकाराची मान हलवेपर्यंत बैठक उठत नाही. तेवढा वेळ मी कॉफीच्या मशीनपाशी उभा. आता समितीचं पत्र निघालंच आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. अर्ज मंजूर झाला आहे. टाळ्या वाजवण्याआधी पुढचं वाच.

नाटक डचमध्ये करायचं, ही अट आहे. परदेशात देशाचं तोंड एकच दिसावं, असं समितीला वाटतं. कलाकारांना डच बोलता येतं, हे तर त्यांनीच लोमानसाहेबांना दाखवलं. उच्चार सुधारायला निधीच्या खर्चाने शिक्षक येईल.

ताई, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पत्र शेगडीत घालण्याआधी दोनदा वाच. वेल्समध्ये कोणाला ना ही भाषा येत, ना ती. फरक कळणार कोणाला? दार उघडलंय तर आत शिरावं, चौकटीचा रंग बघत बसू नये, असं मला वाटतं. वोब्बेला इतक्या लांब जायची संधी पुन्हा कधी मिळायची?

रागावलीस तरी माझ्यावरच रागव, निधीला शिव्या लिहू नकोस. मी लहान आहे, सांभाळून घेशीलच.

तुझा,
हेसेल

आल्डटेर्प
७ जुलै १९८८

चि. हेसेल,

आशीर्वाद, पण आज नेहमीपेक्षा थोडे कमी.

फरक कळणार कोणाला, असं तू लिहिलंस? आम्हाला कळेल. एवढं पुरत नाही का? शिकूनसवरून तुला इतकंच समजलं असेल, तर हेगपर्यंत जायची काय गरज होती, इथे गोठा होताच.

काल चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमलो. वोब्बे टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, चूक पहिल्यांदा माझ्या तोंडून झाली, तेव्हा सगळ्यांनी जायचं ठरवलं तर मी गुपचूप त्या शिक्षकाकडे शिकेन. त्याचे डोळे भरले होते. त्याला वेल्स किती बघायचंय ते मला माहीत आहे. मग आफ्के उठली. ती म्हणाली की विधवाच जर बेलिफाच्या भाषेत बोलणार असेल, तर तिने गाय स्वतःच नेऊन द्यावी, नाटक कशाला हवं? झालं. तिथेच सोक्षमोक्ष लागला.

तेव्हा ऐक. अट आम्हाला मान्य नाही. पण हक्क सोडायलाही आम्ही तयार नाही. तुमच्या समितीने बघितलं ते आमचं नाटक नव्हतंच. खरं नाटक त्यांनी बघावं आणि मग काय ते ठरवावं. त्यांना यायचे कष्टही नकोत. २१ तारखेला, गुरुवारी, दुपारी तुमची माणसं ब्रेड खायला बाहेर पडतात त्या वेळी, तुमच्या ऑफिससमोरच्या लिंडनच्या झाडांखाली आम्ही नाटक करणार. आमचं नाटक उघड्यावरचं आहे, त्याला सावली पुरते. नगरपालिकेची परवानगी मागवली आहे.

तुमचा निधी परदेशात नाटक पोचवतो ना? जिथे आपली भाषा कळत नाही तो परदेशच. आमच्या दौऱ्याचा पहिला मुक्काम हेग.

एकच अडचण आहे. प्रॉम्प्टिंगच्या खड्ड्यात उतरताना माझा घोटा मोडला. प्लास्टर घातलंय, मला येता येणार नाही. प्रॉम्प्टिंग तू करायचंस. मंडळी पुन्हा घसरली तर त्यांना धरायला आपलं माणूस हवं.

रागावले आहे, पण माया कुठे जात नाही.

ताई

हेग
१२ जुलै १९८८

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पाय कसा आहे? उंचावर ठेव, आणि राग मात्र जरा खाली आण.

मी हात जोडतो, हे करू नका. ज्या माणसांसमोर मी रोज फाइल ठेवतो, त्यांच्याच दारात मी तुमचं प्रॉम्प्टिंग कसं करू? मला कोणी काढून टाकणार नाही, पण इथे न काढताही माणसाला कोपऱ्यात ठेवता येतं. मी खिडकीत उभा राहीन. मनापासून टाळ्या वाजवीन. याहून जास्त मागू नकोस.

तुझा,
हेसेल

(पोस्टकार्ड)
आल्डटेर्प, १५ जुलै

खिडकीत बसायला हेगमध्ये कबुतरं पुष्कळ आहेत. नाटकाची प्रत आफ्केबरोबर पाठवते.
— ताई

हेग
२२ जुलै १९८८

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुला टेलिफोनवर सगळ्यांनी सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

सकाळपर्यंत मी खिडकीवरच ठाम होतो. दूध संघाचा ट्रक समोर येऊन उभा राहिला, वोब्बेने गाय उतरवली, आणि तिने पहिल्याच मिनिटात नगरपालिकेची फुलं चरायला सुरुवात केली. मी खाली धावलो तो केवळ गाय आवरायला. आफ्केने माझ्या हातात प्रत कोंबली आणि दुधाचा क्रेट उलटा करून दाखवला. बसलो. सुटात, टाय लावून, सगळ्या ऑफिससमोर, क्रेटवर.

आमची माणसं पायऱ्यांवर ब्रेड खात बसली. सुरुवात चांगली झाली. गाव आपल्या भाषेत बोलत होतं. आणि तेवढ्यात आमच्या संचालकबाई खाली आल्या. कोणीतरी त्यांना खुर्ची दिली, थेट पुढे. वोब्बेचं लक्ष गेलं. ताई, त्याचा हात टोपीकडे गेला. पुढे काय होणार ते मला कळलं. त्याच्या तोंडून पहिला डच शब्द बाहेर पडलासुद्धा. त्याच्यामागे आफ्के जाणार, आणि आफ्केमागे सगळं गाव.

प्रॉम्प्टरने कुजबुजायचं असतं. मी ओरडलो. त्याचं वाक्य, आपल्या भाषेत, असं ओरडलो की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. वोब्बे दचकला. त्याने माझ्याकडे बघितलं, टोपी घट्ट बसवली आणि तेच वाक्य माझ्यापेक्षा मोठ्याने बाईंच्या तोंडावर फेकलं. मग कोणी थांबलं नाही. मीही थांबलो नाही. गरज नसलेली वाक्यंसुद्धा सांगत होतो, आफ्केने शेवटी डोळे वटारले.

मग बेलिफ आला आणि आपल्या स्वच्छ, सरकारी डचमध्ये गाय मागू लागला. सगळा रस्ता हसला! आमचेच लोक, आमचीच ऑफिसची भाषा ऐकून पोट धरून हसत होते. बाई सगळ्यात आधी हसल्या आणि सगळ्यात आधी गप्प झाल्या.

नंतर त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला. मला म्हणाल्या की अर्धंच कळलं, पण ते जिवंत होतं. अट मात्र समितीची आहे, ती समितीच बघेल. लोमानसाहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. आणि मला, ताई, लाज वाटेल अशी अपेक्षा होती, ती कुठे दिसेना. मी फार वर्षांनी इतका खूश आहे.

ट्रक निघाला तेव्हा वोब्बेने मला मिठी मारली. सुटाला अजून गोठ्याचा वास येतोय, धुवायला दिलेला नाही.

तुझाच,
हेसेल

आल्डटेर्प
११ ऑगस्ट १९८८

चि. हेसेल,

पोटभर आशीर्वाद. कमी केलेले तेही परत.

समितीचं पत्र आलं. नाटक त्यांना भावलं आहे, आमच्या तळमळीची त्यांना कदर आहे, आणि अट कायम आहे. डचमध्ये करणार असाल तर महिनाअखेरपर्यंत कळवा. गोड बोलून नकार द्यायला शिकावं तर यांच्याकडून! वोब्बेला वाचून दाखवलं. आता तो रडला नाही. म्हणाला, हेगला जाऊन आलो तसेच वेल्सला जाऊ, ट्रकला समुद्रावरून उडी तेवढी मारता येत नाही, त्याला बोट आहे.

आणि खरंच तसं ठरलं. दूध संघाने ट्रक दिलाय. जे जाणार त्यांच्या गायींचं दूध शेजारी काढणार. आपल्याकडे शेजाऱ्याला त्यासाठी विचारावं लागत नाही, सांगावं लागतं. वेल्सवाले आम्हाला आपापल्या घरी ठेवतायत. गायही तिथलीच घेऊ, तिला कोणत्याही भाषेत हाक मारली तरी चालते. मी कुबड्यांवर येणार, कोणाच्या बापाचं ऐकणार नाही. शनिवारी, २० तारखेला, सकाळी हूक व्हान हॉलंडच्या बंदरातून बोट आहे.

समितीला उत्तर टाकलंय. एकच ओळ, आपल्या भाषेत: आभारी आहोत, अट नको, आम्ही निघालो. अंदाजाने अर्धं त्यांना कळेल. उरलेल्या अर्ध्यासाठी ते तुझ्याकडे येतील, कारण त्या इमारतीत दुसरं कोण आहे? भाषांतर करून देऊ नकोस. एकदा तरी त्यांनी आपल्यासाठी डोकं खाजवावं.

तू केलंस ते मी पाहिलं नाही, याचं मला आयुष्यभर वाईट वाटेल. आई असती तर तिने तुझा कान धरून तुझा मुका घेतला असता.

माया होती त्याहून वाढली आहे.

ताई

हेग
१७ ऑगस्ट १९८८

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझी ओळ आज बैठकीत आली. मला बाहेर जायला सांगितलं. मी उठण्याआधीच कोणाच्या तरी लक्षात आलं की वाचणार कोण, म्हणून पुन्हा बसायला सांगितलं. मी मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा. मग अर्थ विचारला. मी म्हणालो, नातेवाइकाच्या अर्जावर मला बोलायची मनाई आहे. लोमानसाहेब लाल झाले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की काय, देव जाणे.

संध्याकाळी त्यांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. शनिवारी बोटीच्या धक्क्यावर मी तुमच्या आधी उभा असेन. कुबड्या सांभाळून तुला खड्ड्यात उतरता येणार नाही आणि मी आता कुजबुजणार नाही, तेव्हा प्रॉम्प्टर मीच.

अर्जात रजेचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं: देशाची कला परदेशात पोचवायची आहे, ऑफिसात बसून ते होत नाही.

बाकी बोलू ते बोटीवर, मोठ्याने. तोवर माया असू दे, आणि ट्रकमध्ये माझ्यापुरती जागाही.

तुझा धाकटा,
हेसेल