पुष्पाबाईंची मूठ

सौसर,
भाद्रपद पौर्णिमेनंतरचा दुसरा मंगळवार

आदरणीय जाऊबाई पुष्पाबाई यांना धाकट्या जावेचा, म्हणजे इंदूचा, सौसरहून मनापासून जय भीम.

इकडे सर्व ठीक आहे आणि पुण्यातही सर्व ठीक असेल असं धरून चालते (ठीक नसतं तर तुमच्या प्रफुल्लने रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणं बंद केलं असतं). नातीला दुसरा दात आला का? तुमची कंबर कशी आहे? पाचव्या मजल्यावर हवा येते की नुसती उंचीच आहे? फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही म्हणता, "बरी आहेस ना गं?" मी म्हणते, "हो." मग दोन्हीकडे आवाज थांबतो आणि प्रफुल्ल म्हणतो, नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलेलं नसते, बाई.

माझा गुडघा चांगला आहे. हेही चांगले आहेत, पेन्शन वेळेवर येते, वंदना रोज होते. तुम्ही दोन महिन्यांसाठी म्हणून गेलात त्याला परवा सहा महिने झाले. ही तक्रार नाही, वहीत तारीख आहे म्हणून लिहिते. उन्हाळ्यात आपल्याकडे राहणाऱ्या कॉलेजच्या मुली आपापल्या गावी गेल्या तेव्हा तुम्ही गेलात. जुलैत मुली परत आल्या. आठच्या आठ आल्या. रामाकोन्याकडची आपली प्रज्ञा दारातच चप्पल काढता काढता आत डोकावली आणि तिनं माझ्या मागे पाहिलं. माझ्या मागे भिंत होती.

मेस मी एकटीनं सुरू केली. त्यात अवघड काहीच नव्हतं, कारण सगळं वहीत होतं. प्रत्येक मुलीचे महिन्याचे सहाशे रुपये आणि घरून पाच किलो धान्य, विहार समितीचे दोन हजार, बाकी यांच्या पेन्शनीतून. सकाळी वरण-भात-भाजी, संध्याकाळी पोळी आणि थोडा भात. रोज किती शिजवायचं तेही मी तीन वर्षं रोज लिहिलेलं आहे. तांदूळ अठरा मुठी, तूरडाळ सात मुठी. तुम्ही डब्याशी बसून "एक... दोन..." करत भांड्यात टाकायच्या आणि मी दाराच्या उंबऱ्याशी वही घेऊन बसायची (मधेच तुम्ही प्रफुल्लच्या लहानपणाची गोष्ट काढायच्या, मग आकडा मलाच सांगावा लागे). म्हणून जुलैत मी वही उघडली आणि त्याप्रमाणे मोजलं. तांदूळ अठरा, डाळ सात. एक मूठ इकडची तिकडे नाही.

आणि काय सांगू, बाई, बचत सुरू झाली! कंट्रोलच्या दुकानातल्या तांदळाचा कट्टा संपता संपेना. डाळ महिन्याच्या शेवटी डब्यात उरून राहिली. दोन महिन्यांत तेवीसशे रुपये शिल्लक पडले. मी तीन वेळा बेरीज केली. मग वाटलं, मी काटकसरीची आहेच, तुम्ही होत्या तेव्हा कुठेतरी सांडलवंड होत असेल (हे वाक्य मी मनात म्हटलं होतं, पण मनात म्हटलेलंही तुम्हाला सांगायला पाहिजे, म्हणून लिहिलं). विहार समितीचे सेक्रेटरी पुंडलिकराव यांना वही दाखवली. ते इतके खूश झाले की बचत होऊनच राहिली तर मदत कायले लागते म्हणून त्यांनी समितीचे पाचशे रुपये कमी करून टाकले.

भाद्रपद पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचनानंतर भोजनदान होतं. पुंडलिकरावांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि इंदूबाईंचा आदर्श घ्या म्हणून सांगितलं. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली (पूर्ण नाही, थोडी). मग पंगत बसली. आपल्या आठ मुली एका ओळीत बसल्या आणि जेवू लागल्या. अशा जेवल्या, बाई, की वाढणारे दोनदा कढईकडे जाऊन आले. प्रज्ञाच्या पुऱ्या मी मोजल्या नाहीत, पण दुसऱ्यांनी मोजल्या. अकरा. पुंडलिकराव हसत हसत म्हणाले, "काय गं पोरी, इंदूबाई जेवाले देत नाही काय?" आणि ती पोरगी, तोंडात घास, इतक्या सरळपणे बोलली, "देतात ना काका, पोटभर देतात. पुष्पामावशी गेल्यापासून जरासं कमी पडून राह्यलं, बस."

सगळं विहार माझ्याकडे पाहू लागलं. मला वाटलं आताच्या आता मोठा पाऊस यावा आणि पत्र्यावर आवाज व्हावा. पण ऊन होतं.

घरी आल्यावर मी प्रज्ञाला जवळ बसवून विचारलं, पोरी, सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, "तुम्ही आमच्यासमोर मोजून टाकता मावशी. मोजलेल्याले कमी कसं म्हणाचं?" मग माझ्या हाताकडे पाहून, "तुमची मूठ लहान आहे." मी लगेच किराणा दुकानात जाऊन काट्यावर माझी एक मूठ तांदूळ टाकले. अडतीस ग्रॅम. बाई, तुमचा हात लहानपणापासून संत्र्याच्या बगीच्यात तोड करणारा, एका हातात तीन फळं धरणारा. माझ्या हातानं मॅट्रिकपर्यंत पेन धरलं. तीन वर्षं मी हिशोब लिहून राहिले होते आणि त्या हिशोबाचं मापच पुण्याला निघून गेलं, हे मला कळलं नाही. दुसरं शील आपण रोज म्हणतो, न दिलेलं घेणार नाही. ते तेवीसशे रुपये मी आठ मुलींच्या ताटातून घेतले आणि वर टाळ्याही घेतल्या.

मग दुरुस्ती सुरू केली. पहिल्या दिवशी अठराच्या जागी तीस मुठी टाकल्या, तर भात इतका झाला की मुलींनी दोन दिवस फोडणीचा भात खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या गाईनंही तोंड फिरवलं. पुढच्या वेळी बावीस टाकल्या, कमी पडला. मग तुमच्या मुठीची बाई शोधावी म्हणून रविवारी डबाभर तांदूळ घेऊन विहारात गेले आणि सतरा जणींच्या मुठी भरून घेतल्या (पुंडलिकरावांना वाटलं मी दान वाटून राहिले, ते पिशवी घेऊन रांगेत उभे राहिले). एकीची मूठ तुमच्याएवढी वाटली. तिला घरी आणून बसवलं, तिनं अठरा टाकल्या, भात पुरला. पण ती मोजताना काहीच बोलत नाही, बाई. गपचूप टाकते आणि निघून जाते. मी वही घेऊन उंबऱ्याशी बसून होते, आकडा सांगायची वेळच आली नाही.

तेवीसशे रुपयांचं तेल, गूळ आणि शेंगदाणे आणले, रोज प्रत्येकीच्या हातावर चिक्कीचा तुकडा ठेवते. पाचशे रुपये समितीकडून परत मागितले. पुंडलिकराव म्हणाले, "पैशाचं पाहू. पण एकटीच्या भरवशावर आठ पोरी मार्चपर्यंत कशा ठेवाच्या? कायम सोबत राहणारी दुसरी बाई दाखवा, नाही तर मेस बंद." अश्विन पौर्णिमेला बैठक आहे. बंद झाली तर प्रज्ञाचं कॉलेजही बंद, कारण प्रॅक्टिकल पाचला सुटते आणि तिच्या गावची शेवटची बस चारला जाते. पण तुम्ही याची काळजी करू नका. नात लहान आहे. तिथेच राहा. इथे काही अडलेलं नाही.

सूनबाईला आशीर्वाद, नातीचा पापा. भवतु सब्ब मंगलं.

तुमची,
इंदू

ता. क. – सूनबाईकडे केक करायचा छोटा काटा आहे असं प्रफुल्ल म्हणत होता. त्याच्यावर तुमची एक मूठ तांदूळ ठेवून किती ग्रॅम भरते ते कळवावं. घाईत भरू नका. इथे भरायच्या तशी भरा, बोलत बोलत.

ता. क. २ – चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, म्हणून दुरुस्ती करते. गुडघा चांगला नाही. बसता येते, उठताना प्रज्ञाला हाक मारावी लागते.

ता. क. ३ – यांना पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, "ग्रॅम कळल्यावर वहिनी कायले येतील?" म्हणून पहिला ता. क. मी खोडला आहे. (खोडलेलं वाचता येते, माहीत आहे. वाचू नका.) वजन पाठवू नका. नागपूरहून सौसरला दुपारची बस आहे, खिडकीची जागा मिळते. जुलैपासून तांदळाचा रकाना मी पेन्सिलनं लिहून राहिले आहे. पेन तुम्ही आल्यावर.