कुणावाचून अडत नाही

आई, लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. बातम्या ऐकून जीव टांगणीला लावू नकोस.

काल कारखान्यात साहेबांनी सगळ्यांचं तोंड गोड केलं. पंपाची झडप आता आपणच बनवणार. "यापुढे आपलं त्यांच्यावाचून काही अडत नाही," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार?

अगं, सीमेवर हा कारखाना बांधला होता तोच अडावं म्हणून. मागच्या युद्धानंतर दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं होतं, पंप आपला आणि झडप त्यांची. भांडलो तर दोघांचंही पाणी बंद, म्हणजे पुन्हा युद्ध परवडायलाच नको.

पलीकडचा झडपवाला, ज्याला मी दादा म्हणते, तो आज शेवटचा माल घेऊन आला. त्यांनीही स्वतःचा पंप बनवलाय म्हणे. "सांभाळून राहा, ताई," एवढंच बोलला. माझ्याकडे बघवेना त्याला.

दुपारपासून आमच्या खिडक्यांपुढे वाळूची पोती रचताहेत. धूळ आत येऊ नये म्हणून असेल.

तू लिहिलंयस की काकूशी पुन्हा वाजलं आणि तू वेगळा नळ घेतेयस. एका नळावरून तुम्ही जन्मभर भांडलात. पण संध्याकाळी हंडा घेऊन तिच्याच दारात जावं लागायचं, आणि हंडा भरेपर्यंत तुमचं बोलणं सुरू झालेलं असायचं.

इथलं माझ्या हातात काही उरलं नाही. तू तेवढा त्या प्लंबरला परत पाठव.

तुझी थोरली