उंदीर, द्रावक आणि माझी गादी

ती. मामी,

साष्टांग नमस्कार (खरं तर अर्धाच, पिंजरे उचलून कंबर धरलीय). मामांचा पाय कसा आहे? गोळ्या आपणहून घेतात, की अजून तुलाच मागे फिरावं लागतं? मी परत येतोय. माळ्यावरची माझी गादी उन्हात टाकून ठेव. प्रयोगशाळेतली ही पिंजरे धुण्याची नोकरीही गेल्यात जमा आहे, आणि या वेळी मी खरंच काही केलेलं नाही (हसू नकोस).

झालं असं. मामांना झाला होता तोच सेप्सिस, जंतू रक्तात शिरून सगळं अंगच बिथरतं तो, इथे उंदरांना मुद्दाम करतात आणि इथल्या संशोधक मॅडमचं नवं औषध टोचतात. (उंदीर पांढरे, स्वभावाने तुझ्या शेजारणीपेक्षा बरे.) औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एका द्रावकात विरघळवायचं. हा द्रावक कितीतरी औषधांत असतो, त्याला कोणी विचारत नाही. अर्ध्या उंदरांना औषधासकट द्रावक, उरलेल्यांना नुसता. औषधवाले तगणार, नुसतेवाले मान टाकणार, असा सगळ्यांचा हिशोब. पण सगळेच तुरुतुरु पळायला लागले! मॅडमच्या हाताखालचा चष्मेवाला माझ्यावर उखडला, "पिंजरे इकडचे तिकडे केलेस ना, भटक्या?" मी नाही म्हटलं, पण तो इतक्या खात्रीने बोलला की मलाही वाटायला लागलं, केलेही असतील.

(एवढं लिहून पत्र उशीखाली राहिलं.) मधल्या काळात मॅडमनी सगळं पुन्हा केलं, स्वतःच्या हाताने, आणि शेजारी तिसरे उंदीर ठेवले, ज्यांना फक्त मिठाचं पाणी. ते मलूल होऊन कोपऱ्यात बसले. बाकी दोन्हीकडे पुन्हा धुडगूस. मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मी आपली औषधाकडे बघत बसले, आणि राबत होता बहुतेक तो द्रावकच." बहुतेक, हं. उंदरांचं माणसांना लागू पडेलच असं नाही, हेही त्याच म्हणाल्या. चष्मेवाला बराच वेळ चष्मा पुसत होता.

मला दवाखाना आठवला. मामा शुद्धीवर आले तेव्हा सगळे डॉक्टरांचे हात धरत होते, आणि तू बाकावर बसून मामांच्या चपला पिशवीत भरत होतीस. तुला कोणी काही विचारलं होतं का गं? मीही नाही.

तुझा,
भाचा

ता. क. मामांना यातलं अक्षरही सांगू नकोस. गोळ्या बंद करून द्रावक शोधायला निघतील.

आणखी ता. क. मॅडम आता नुसत्या द्रावकाचीच परीक्षा घेणार आहेत. पिंजरे इकडचे तिकडे न करणारा माणूस हवाय म्हणाल्या, आणि मलाच विचारलं, राहशील का? मी आजवर कुठे राहिलोय, तूच सांग. तर ती गादी उन्हात टाकली असशील, तर परत माळ्यावर चढवू नकोस. इकडे पाठव.