बोट धक्क्याला लागली की

स्टोरहोल्म बेट, ४ नोव्हेंबर

चि. आयलिफ यास अ. उ. आ.

धूर कमी व्हावा म्हणून तुझ्या प्रांतिक सरकारने दिलेली विजेची बोट झकास आहे. फक्त ती धक्क्यावर चार्जिंगला लागली की बेटावरचे दिवे मंदावतात. मग आपल्या रीतीप्रमाणे बोटीचा भोंगा वाजताच, शेजाऱ्याला वीज पुरावी म्हणून घरोघरी हीटर, भट्ट्या बंद. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आई मात्र तीन स्वेटरांत कुडकुडते, खोकला हटत नाही. जास्त वीज आणणारी नवी केबल आली नाही तर तिला तुझ्याकडे हलवावं लागेल. ती शपथेवर सांगते, बेटावरून मला शवपेटीत घालूनच न्या. तू वीज खात्यातच आहेस, काहीतरी कर.

तुझी ताई,
गुनवोर

१२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

केबल नामंजूर. मीटर सांगतो, बोट चार्ज होताना घरांतून विजेची मागणीच नसते. मग तुटवडा कसला? साहेब म्हणाले, इतकं गुणी बेट प्रांतात दुसरं नाही. ताई, जरा बेशिस्त व्हा! गुरुवारी तपासनीसबाई येताहेत. त्यांच्यादेखत एकदा दिवे जाऊ देत. आईला सांग, माझ्या इमारतीत लिफ्ट आहे. चिडेल, पण सांग.

तुझा,
आयलिफ

२० नोव्हेंबर

चि. आयलिफ यास अ. उ. आ.

सभा घेतली, काहीही बंद न करायला सगळे हो म्हणाले. गुरुवारी भोंगा वाजला आणि दिवे जराही मंदावले नाहीत! शेजारची आस्टा म्हणते, बाकीचे चालू ठेवणारच होते, म्हणून मी एकटीने बंद केलं. पाद्रीबुवांचंही तेच. आणि आस्टाच्या भट्टीतला पाव बसू नये म्हणून मीही बटण दाबलं. हा चांगुलपणा की लोकलाज, मला अजून ठरवता येत नाही. बाई खूश होऊन गेल्या. केबल विसर.

दुसऱ्या दिवशी आई विणकाम घेऊन बोटीवर चढली. उतारूंची खोली छान उबदार. रोज जाते-येते, पलीकडे पाय ठेवत नाही. खोकला थांबलाय. शपथेची आठवण दिली तर म्हणाली, बेट कुठे सोडलंय? माझ्या हीटरची वीज जाते तिथे जाऊन बसते, एवढंच.

आता निम्मं बेट तिच्यामागे जातं. काल तिच्याशेजारी एकच खुर्ची उरली. आस्टाने ती पाद्रीबुवांना दिली, त्यांनी मला, मी आस्टाला. तिघंही उभ्याने गेलो. आईने खुर्चीवर लोकरीचा गुंडा ठेवला.

लिफ्ट जपून वापर. माया आहेच, ती वाढव.

गुनवोर