सौंदडच्या दुधरामाच्या लग्नास आलेल्या तीन हरकती

प्रति,
मेहेरबान रजिस्ट्रार साहेब,
बिशपसाहेबांची कचेरी, मुक्काम नागपूर, यांचे सेवेशी

अर्जदार : चैतराम योनाथान, पेन्शनर मास्तर, मिशन शाळा, मौजे सौंदड, तहसील साकोली, जिल्हा भंडारा

विषय : लग्नाच्या उरलेल्या दोन पुकारा माफ होऊन लायसन्स मिळणेबाबत.
संदर्भ : सौंदड चर्चची पुकारवही, सप्टेंबर १९१९ ते जानेवारी १९२०.

महोदय,

१. अर्जदाराची मुलगी प्रेमिला हिचे लग्न येथील दुधराम याजशी गेल्या पावसाळ्यात ठरले. आपल्या चर्चच्या रिवाजाप्रमाणे लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावे भर उपासनेत पुकारावी लागतात. पाद्रीसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडीने येतात, त्यामुळे सौंदडास तीन रविवार म्हणजे तीन महिने. याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. धान घरात येईतो सारे उरकेल, असा त्याचा अंदाज होता.

२. पुकार झाल्यावर पाद्रीसाहेब "या विवाहास कोणाची हरकत असल्यास सांगावी" असे विचारून थांबतात. विलायतेत या वेळी लोक गप्प बसतात, असे ऐकिवात आहे. इकडे साहेबाने विचारावे आणि रयतेने तोंड मिटून बसावे, याला उद्धटपणा म्हणतात. शिवाय इकडच्या लग्नात नवऱ्याच्या जवळच्यांनी रुसायचे असते, आणि रुसलेल्याला हाताला धरून मांडवात आणायचे असते. जो रुसला नाही तो नवऱ्याचा कोणी नव्हे. दुधराम हे सन १९०० च्या दुष्काळात मिशनच्या अन्नछत्रावर सापडलेले पोर. त्याच्या बाजूने रुसायला एकही माणूस नाही, याची साऱ्या गावाला लाज वाटली, ही गोष्ट अर्जदाराच्या फार उशिरा ध्यानात आली.

३. सप्टेंबरात पहिली पुकार झाली. बकाराम हे जातीचे हिंदू शेतकरी, चर्चच्या ओट्यावर बसून ऐकत होते. ते उठून म्हणाले, "हरकत माझी हाये. आठ वर्सं माह्या धानाच्या बांधीत राबला हा पोऱ्या. लगन ठरलं तं मले कोनी इचारलं का?" पाद्रीसाहेबांनी वहीत "मालकाचा दावा" असे लिहिले आणि पुकार रद्द केली. हरकत आली की चौकशी होते, आणि चौकशीनंतर पुकार पुन्हा पहिलीपासून धरतात.

४. ऑक्टोबरात गावात दूध घालणाऱ्या धुरपताबाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "हा बी माह्याच म्हशीच्या दुधावर वाढला, अन् ते पोरगी बी. बकारामले बोलता येते, मंग मी काऊन चूप राहू?" चर्चच्या भिंतीवर ज्यांच्याशी लग्न करता येत नाही अशा तीस नात्यांचा तक्ता टांगलेला आहे. पाद्रीसाहेबांनी तो चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात म्हैस नाही. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी वर लिहिले, आणि नोव्हेंबर त्यात गेला.

५. डिसेंबरात चर्चचा घंटावाला बिसराम उठला. हा बाप्तिस्मा झालेला माणूस. त्याची हरकत अशी की दुधराम गीते बेसूर गातो. बाहेर आल्यावर अर्जदाराने त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "मास्तर, दोन हिंदू उठले त्याच्यासाठी. आपल्यातला एकबी नाई उठला, तं लोक का म्हनतीन?" पुकार तेवढी रद्द झाली.

६. मध्यंतरी दुधरामाला नागभीडकडे रेल्वेत गँगमनची नोकरी लागली आहे. १५ फेब्रुवारीस हजर व्हायचे आहे आणि खोली फक्त लग्न झालेल्यास मिळते. पुढे १८ तारखेपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ, त्यात लग्ने लागत नाहीत. प्रेमिलाने बापास सांगितले आहे, "तुमी पुकारत बसा, बाबा. मी पंधराच्या गाडीनं जाऊन राहिली. कागद मागाहून धाडा." अर्जदाराने तीस वर्षे या गावच्या मुलांना दहा आज्ञा पाठ करवल्या आहेत. सध्या तो रस्त्याने खाली मान घालून चालतो.

७. म्हणून ४ जानेवारीच्या आधी अर्जदार घरोघर गेला. बकारामांना हात जोडले, धुरपताबाईंना लुगडे नेसवले, बिसरामास चहा पाजला, आणि या खेपेस कृपा करून कोणी बोलू नये अशी विनवणी केली. कोणी बोलले नाही. पाद्रीसाहेबांनी विचारले, थांबले, पुन्हा विचारले. ओट्यावर माणसे भरली होती, पण एक खोकला नाही. पाद्रीसाहेब हसून म्हणाले, "उत्तम." अर्जदारानेही देवाचे आभार मानले.

८. उपासना संपली तरी दुधराम बाकावरून उठेना. तापाच्या साथीत याने जात न पाहता मयतांसाठी चौदा खड्डे खणले, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिले नव्हते. तो म्हणाला, "मास्तर, आज कोनीच नाई बोललं. मी कोनाचाच नोय का?" अर्जदाराने त्याला खरे काय ते सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण त्या दिवशी तो जेवला नाही. प्रेमिला तेव्हापासून बापाशी बोलत नाही.

९. सबब मागणी अशी. उरलेल्या दोन पुकारा माफ करून १ फेब्रुवारीस लग्न लावण्याचे लायसन्स मिळावे. लग्नविधीतही हरकतीचा प्रश्न एकदा विचारतात, असे प्रार्थनापुस्तकात आहे. तो गाळू नये. विचारल्यावर पाद्रीसाहेबांनी पुरेसे थांबावे, आणि जे उठतील त्यांस हरकतदार न लिहिता त्यांची नावे रजिस्टरात नवरदेवाच्या बापाच्या रकान्यात लिहावीत. तो रकाना आजवर कोरा आहे. नावे जास्त झाल्यास समासात लिहिण्यास अर्जदाराची हरकत नाही.

परतीच्या टपालाने हुकूम व्हावा, दिवस थोडे उरले आहेत.

आपला नम्र,
मुलीचा बाप,
चैतराम योनाथान
सौंदड, ता. १२ जानेवारी १९२०

सोबत :
(१) दुधरामाच्या नेमणुकीच्या हुकुमाची नक्कल.
(२) खरी हरकत काहीच नाही, असा बकाराम यांचा अंगठा व बिसराम यांची सही. धुरपताबाई अंगठा देत नाहीत. आता चर्चमध्येच बोलेन म्हणतात, आणि लुगडे परत पाठवले आहे.